ऑडिट पास झालेल्या कारखान्यात 1,134 माणसं कशी मेली? परदेशी ब्रँडचं फॅक्टरी ऑडिट नेमकं काय तपासतं, काय नाही

24 एप्रिल 2013. बांगलादेशची राजधानी ढाक्याजवळचं सावर. सकाळी नऊच्या सुमारास राणा प्लाझा ही आठ मजली इमारत बघता बघता कोसळली. 1,134 जणांचा जीव गेला. सुमारे अडीच हजार जण जखमी झाले.

आदल्याच दिवशी इमारतीला मोठे तडे गेले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं त्यामुळे बंद राहिली. वरच्या मजल्यांवर मात्र कपडे शिवणारे पाच कारखाने होते. तिथल्या कामगारांना सकाळी कामावर बोलावलं गेलं. ऑर्डर वेळेत पाठवायच्या होत्या आणि कामावर न येणाऱ्याला पगार कापला जाण्याची भीती होती.

यातल्या दोन कारखान्यांचं युरोपातल्या 'बीएससीआय' या आचारसंहितेनुसार ऑडिट झालेलं होतं. मग ऑडिटरच्या लक्षात काहीच कसं आलं नाही?

उत्तर साधं आहे, पण अस्वस्थ करणारं आहे. इमारत भक्कम आहे की नाही, हे तपासणं त्या ऑडिटच्या कामात बसतच नव्हतं. म्हणूनच 'आमचा कारखाना ऑडिटेड आहे' या वाक्याचा नेमका अर्थ काय, हे समजून घ्यायला हवं.

फॅक्टरी ऑडिट म्हणजे काय?

समजा, जर्मनीतल्या एका कंपनीला भारतातून दोन लाख टी-शर्ट घ्यायचे आहेत. कारखाना तिच्या मालकीचा नाही आणि तिथले कामगार तिच्या पगारावर नाहीत. पण उद्या तिथे बालमजूर सापडला तर बातमीत नाव तिचंच येणार. म्हणून ऑर्डर देण्याआधी आणि त्यानंतरही ठरावीक काळाने कारखाना तपासला जातो. हे काम बहुतेक वेळा एखाद्या तिसऱ्या कंपनीला दिलं जातं.

इथे एक गल्लत नेहमी होते. माल जहाजावर चढण्याआधी त्यातले काही नग उघडून बघतात, त्याला इन्स्पेक्शन म्हणतात. इन्स्पेक्शन मालाचं होतं, तर ऑडिट माल बनवणाऱ्या जागेचं आणि तिथल्या पद्धतींचं होतं.

किती प्रकार असतात?

- गुणवत्ता ऑडिट: यंत्रं, कच्चा माल आणि चुका पकडण्याची पद्धत ठीक आहे का? 'आयएसओ 9001' याच घरातलं.
- सोशल ऑडिट: पगार, कामाचे तास, बालमजुरी, सक्तीची मजुरी, भेदभाव, आगीपासून सुरक्षा. यात 'एसए 8000', 'बीएससीआय' आणि 'स्मेटा' ही नावं सारखी ऐकू येतात.
- पर्यावरण ऑडिट: सांडपाणी, रसायनं, वीज, कचरा.
- सुरक्षा ऑडिट: कंटेनरमध्ये कुणी दुसरं काही घुसवू शकतं का? अमेरिकेत 2001 च्या हल्ल्यांनंतर 'सीटीपॅट' ही योजना आली, ती यासाठीच.

शेतमालालाही हे लागू आहे. नाशिकची द्राक्षं युरोपातल्या सुपरमार्केटमध्ये जातात, तेव्हा बागेच्या फवारणीच्या नोंदी तपासणारं 'ग्लोबल गॅप' हे त्याच जातीचं प्रमाणपत्र.

सोशल ऑडिटच्या दिवशी काय होतं?

सकाळी मालक आणि व्यवस्थापकांसोबत बैठक होते. मग ऑडिटर कारखान्यात फिरतो. आपत्कालीन दारं उघडी आहेत का, अग्निशामक सिलिंडरची मुदत संपली आहे का, यंत्रांना गार्ड आहे का, प्यायचं पाणी आणि स्वच्छतागृह कसं आहे, हे पाहतो.

मग कागद निघतात. हजेरीपट, पगारपत्रक, पीएफ आणि ईएसआयच्या पावत्या, वयाचे पुरावे. आठवड्याला ओव्हरटाइम धरून 60 तासांपेक्षा जास्त काम नको, ही बहुतेक आचारसंहितांची मर्यादा आहे. देशाचा कायदा याहून कडक असेल तर तो पाळायचा. भारतात ओव्हरटाइमला दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात, म्हणून ऑडिटर तो हिशोब बारकाईने बघतो.

त्यानंतर काही कामगारांशी व्यवस्थापनाला बाजूला ठेवून बोलणं होतं. संध्याकाळी शेवटची बैठक होते आणि सापडलेल्या त्रुटी वाचून दाखवल्या जातात. त्या किरकोळ, मोठ्या आणि गंभीर अशा वर्गांत विभागतात. प्रत्येक त्रुटी कधीपर्यंत आणि कशी दुरुस्त करणार, याचा आराखडा कारखान्याला द्यावा लागतो.

शंभरेक कामगारांच्या कारखान्यात हे सगळं साधारण एका दिवसात उरकतं. वर्षभराचं वास्तव एका दिवसात बघायचं, ही या पद्धतीची पहिली अडचण.

मग फसवणूक कुठे होते?

बऱ्याच ऑडिटची तारीख कारखान्याला आधी माहीत असते. त्या दिवसासाठी कारखाना आवरला जातो. काही ठिकाणी दोन हजेरीपट ठेवतात, एक खरा आणि एक दाखवायचा. काय उत्तर द्यायचं, हे कामगारांना पढवलं जातं. जास्तीचं काम गुपचूप दुसऱ्या छोट्या कारखान्यात पाठवतात, जिथे ऑडिटर कधी पोहोचतच नाही.

मुरलेला ऑडिटर हे पकडूही शकतो. कपड्यांच्या कारखान्यात सुई तुटली की तिची तारखेसह नोंद ठेवतात, कारण तुकडा कपड्यात राहिला तर धोका असतो. हजेरीपट म्हणतो रविवारी सुट्टी होती, पण तुटलेल्या सुयांच्या वहीत त्याच रविवारच्या तीन नोंदी आहेत. मग रविवारी सुया तोडल्या कुणी?

पण इतकं खोदायला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे पडतात. ते पैसे अनेकदा कारखानाच भरतो. ज्याची परीक्षा घ्यायची, त्याच्याकडूनच फी. फार कडक वागलं तर पुढच्या वेळी काम दुसऱ्या ऑडिट कंपनीला जाऊ शकतं.

याचं टोकाचं उदाहरण कराचीचं आहे. 11 सप्टेंबर 2012 रोजी तिथल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली आणि 250 हून अधिक कामगारांचा मृत्यू झाला. आग मुद्दाम लावल्याचा निकाल पुढे न्यायालयाने दिला. पण इतकी माणसं मेली, कारण बाहेर पडायचे मार्ग बंद होते आणि खिडक्यांना गज होते. त्या कारखान्याला 'एसए 8000' प्रमाणपत्र मिळून जेमतेम काही आठवडे झाले होते.

ऑडिट गेटपाशी थांबतं तेव्हा

दुसरी मोठी मर्यादा आपल्या घराजवळची आहे. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्याचं ऑडिट केलं, तर बॉयलर, बोनस, पीएफ सगळं नीट सापडू शकतं. पण ऊस तोडणारी जोडपी कारखान्याच्या पगारपत्रकावर नसतात. त्यांना मुकादम आणतो. उचल घेऊन ती बांधली जातात आणि फडाजवळच्या कोपीत राहतात.

मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी एक तपास प्रसिद्ध केला. कोका-कोला आणि पेप्सिको ज्या साखर साखळीतून माल घेतात, तिचा संबंध महाराष्ट्रातल्या ऊसतोडीतल्या कर्जबाजारीपणाशी, बालविवाहांशी आणि बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांशी कसा आहे, हे त्यात मांडलं होतं. बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न तर 2019 मध्येच विधिमंडळापर्यंत पोहोचला होता. पण ज्या बाईचं नाव कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही, तिची अवस्था रजिस्टर तपासून कळणार कशी?

राणा प्लाझानंतर काय बदललं?

मे 2013 मध्ये ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात 'अकॉर्ड' नावाचा करार झाला. नेहमीच्या ऑडिटपेक्षा यात चार गोष्टी वेगळ्या होत्या.

1. तो कायद्याने बंधनकारक होता.
2. तपासणी इंजिनिअर करत होते. इमारत, वीज आणि आग या गोष्टी स्वतंत्रपणे पाहिल्या जात.
3. अहवाल जाहीर केले जात, म्हणजे कामगारालाही कळे की आपल्या इमारतीत काय बिघडलंय.
4. दुरुस्तीचा खर्च कारखान्याला पेलेल याची जबाबदारी ब्रँडवरही होती.

या करारात 1,600 हून अधिक कारखाने आले. पुढे 2021 मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 2023 पासून तो पाकिस्तानातही सुरू झाला. भारतात तमिळनाडूतल्या दिंडिगुलमध्ये 2022 मध्ये कापड कारखान्यातल्या लैंगिक छळाविरोधात असाच बंधनकारक करार झाला. असा छळ नेहमीच्या ऑडिटमध्ये फारसा सापडत नाही, कारण एका दिवसासाठी आलेल्या अनोळखी माणसाला कोण सांगणार?

कायदेही बदलले. जर्मनीने 2023 पासून मोठ्या कंपन्यांना पुरवठा साखळीतली मानवी हक्कांची जोखीम तपासणं बंधनकारक केलं. चीनच्या शिनजियांग प्रांतातला माल सक्तीच्या मजुरीचाच आहे असं गृहीत धरणारा कायदा अमेरिकेने जून 2022 पासून लागू केला. त्याआधी 2020 मध्येच काही मोठ्या ऑडिट संस्थांनी तिथे काम करायला नकार दिला होता, कारण कामगार मोकळेपणाने बोलू शकत नसतील तर ऑडिटला अर्थ उरत नाही.

मग ऑडिट बिनकामाचं आहे का?

नाही. बंद असलेलं आपत्कालीन दार उघडणं, मुदत संपलेले सिलिंडर बदलणं, ओव्हरटाइमचे बुडालेले पैसे मिळणं, हे बदल ऑडिटमुळे होतात. पण ऑडिट हा त्या दिवसाचा फोटो आहे, वर्षभराचा व्हिडिओ नाही. आणि ब्रँडने दर पाडायचा, डिझाइन शेवटच्या आठवड्यात बदलायचं, डेलिव्हरीची तारीख तीच ठेवायची आणि ओव्हरटाइम दिसला की कारखान्याला लाल शेरा द्यायचा, हेही चालणार नाही.

'सर्टिफाइड' असं वाचलं की काय बघाल?

- कुणी दिलं? आयएसओ ही संस्था मानक बनवते, प्रमाणपत्र स्वतः देत नाही. ते देणारी संस्था वेगळी असते. तिचं नाव आणि तिला मान्यता कुणाची, हे बघा.
- ते प्रमाणपत्र आहे तरी का? 'सेडेक्स सर्टिफाइड' असं अनेक जण लिहितात. सेडेक्सचं 'स्मेटा' हे ऑडिट आहे. त्यात पास-नापास नसतं आणि प्रमाणपत्रही मिळत नाही.
- कशासाठी? गुणवत्तेचं प्रमाणपत्र कामगारांच्या पगाराबद्दल काहीच सांगत नाही.
- कुठलं? प्रमाणपत्रावरचा पत्ता आणि माल जिथे बनतो तो पत्ता एकच आहे का?
- कधीचं? मुदत संपलेली असू शकते.

आणि शेवटचा प्रश्न ब्रँडला विचारायचा. तुमच्या पुरवठादारांची यादी जाहीर आहे का? काही मोठे ब्रँड कारखान्यांची नावं आणि पत्ते वेबसाइटवर टाकतात. नाव आणि पत्ता असेल तर पत्रकार, कामगार संघटना किंवा तिथला कामगारही सांगू शकतो, की ऑडिट झालं त्या दिवशी कारखाना तसा होता, आज असा आहे.