माघारी बोलावलेल्या गाड्या

पिंपरी-चिंचवडमध्ये गाड्या बनतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. बनवलेल्या गाडीत खोट निघाली तर कंपनीनंच ती माघारी बोलवायची आणि फुकटात दुरुस्त करून द्यायची, ही ‘रिकॉल’ची रीत मात्र इथं फार उशिरा रुजली. त्याआधी ते काम आमच्यासारखे मिस्त्री आपापल्या परीनं करत होते. भोसरीत माझं गॅरेज आहे आणि शाळेच्या गाड्या हे आमचं नेहमीचं गिऱ्हाईक, म्हणून ही हकिकत मी त्या गाड्यांच्या अंगानं सांगतो. त्यातही इंधनाची, कारण ब्रेकची कुरकुर ड्रायव्हरला पायाखाली कळते. इंधनाची गळती मात्र बरेचदा धूर निघाल्यावरच कळते.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. साठच्या दशकात आकुर्डीत बजाज टेम्पो आली, पिंपरीत टेल्को आली. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. कामगारांची पोरं सुरुवातीला चालतच शाळेत जायची. पुढं वस्ती निगडी, चिखली, मोशीकडे पसरली, घर एकीकडे आणि शाळा दुसरीकडे झाली आणि ‘व्हॅनवाले काका’ हा धंदा जन्माला आला. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या काकांमध्ये कितीतरी जण कंपनीतून व्हीआरएस घेतलेले होते. हातात आलेल्या पैशातून जुनी मॅटाडोर किंवा ओम्नी घ्यायची, बाकं ठोकून घ्यायची आणि जूनपासून पोरं न्यायला लागायचं.

ओम्नी पेट्रोलची. पेट्रोल परवडेना म्हणून तिच्यात स्वयंपाकाचा सिलेंडर गेला. वाहनात एलपीजी वापरायला आपल्याकडे कायद्यानं परवानगी मिळाली ती २००० साली. त्याआधीची सगळी जोडणी चोरीचीच, आणि परवानगी मिळाल्यावरही घरगुती सिलेंडरला ती नव्हतीच. मागच्या सीटखाली सिलेंडर, वर गोधडी आणि गोधडीवर चार पोरं, अशी गाडी मी पाहिली आहे. पुढं पुण्याच्या पट्ट्यात महाराष्ट्र नॅचरल गॅसचे पंप निघाले आणि सीएनजी आला. तो हवेपेक्षा हलका, गळला तरी वर उडून जातो. एलपीजी जड, गाडीच्या तळाशी साचून राहतो. सीएनजीच्या सिलेंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते आणि तिची तारीख दाखवणारी पट्टी गाडीवर असावी लागते. जोडावर साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का बघायचा, ही आमची साधी परीक्षा.

मॅटाडोर, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आलेली ट्रॅव्हलर, या डिझेलच्या. डिझेल पेट्रोलसारखं भसकन पेटत नाही, म्हणून ते निर्धोक आहे असा लोकांचा समज. टाकीतल्या गार डिझेलपुरता तो बरोबर आहे. तापलेल्या मॅनिफोल्डवर थेंब थेंब पडणाऱ्या डिझेलला तो लागू नाही.

एक खोट मी हातानं दुरुस्त केलेली आहे, ती सांगतो. गाडी कुणाची ते सोडून द्या. टाकीतून डिझेल फिल्टरमधून मायको कंपनीच्या पंपात जायचं, तिथून नोझलला. नोझलला जास्त झालेलं डिझेल बारीक रबरी पाइपांतून परत टाकीकडे जायचं. या रिटर्न पाइपात दाब जवळपास नसतोच, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. एका मिनीबसमध्ये हा पाइप एका क्लॅम्पच्या कडेवर घासायचा. वर्षभरात रबराला केसाएवढी चीर पडायची. सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुर करायची, कारण त्या चिरेतून लाइननं हवा धरलेली असायची. ड्रायव्हर म्हणायचा, “मिस्त्री, बॅटरी गेली वाटतं.” बॅटरी ठणठणीत. मी फिल्टरचा बोल्ट सैल करून हॅण्ड प्रायमर मारायचो, फेसाळ डिझेल जाऊन स्वच्छ धार येईपर्यंत. गाडी सुरू व्हायची आणि आठ दिवसांनी परत यायची. शेवटी, ज्यांच्या हाताखाली मी तेव्हा काम करत होतो त्या वस्तादांनी पाइपावरून बोट फिरवलं आणि बोट ओलं निघालं. चीर मॅनिफोल्डच्या बरोबर वर होती.

त्यांनी क्लॅम्पची कड कानशीनं गोल केली, सायकलच्या ट्यूबचा तुकडा मध्ये घातला, पाइप नवा टाकला आणि मला आकुर्डी, चिंचवड, चाकणच्या ओळखीच्या गॅरेजांत निरोप द्यायला पाठवलं: या मॉडेलचा रिटर्न पाइप बघून घ्या. आमच्या पट्ट्यातला रिकॉल हा असा होता. पुढं कधीतरी डीलरकडे त्याच जागेसाठी नवीन क्लॅम्प आला. सर्व्हिसिंगला येईल त्या गाडीला तो फुकट बसायचा. जी डीलरकडे येणारच नाही, तिला कोण सांगणार?

परदेशात हे कागदावर कधी आलं ते बघू. अमेरिकेनं १९६६ साली वाहनसुरक्षेचा कायदा केला आणि रिकॉल कंपनीच्या मर्जीवर राहिला नाही. तरीही १४ मे १९८८ रोजी केंटकी राज्यात कॅरलटनजवळ एका बसला समोरून पिकअप येऊन धडकली. बसची इंधनटाकी फुटली, आग लागली आणि २७ जण गेले, त्यातली बहुतेक मुलं. पिकअपचा चालक प्यायलेला होता, ते खरंच. पण ती जुनी शाळेची बस होती, नंतर चर्चनं घेतलेली, आणि तिची चॅसी बनली होती मार्च १९७७ मध्ये. शाळेच्या बसच्या टाकीसाठी कडक नियम लागू झाला १ एप्रिल १९७७ ला. नियम होता, गाडी थोड्या दिवसांनी त्याच्या अलीकडे राहिली आणि पुढची अकरा वर्षं तशीच चालत राहिली. मला यात हात बदललेली बस सगळ्यात जास्त खटकते.

आपल्याकडे वाहन कंपन्यांच्या संघटनेनं स्वेच्छेची आचारसंहिता आणली ती २०१२ साली. त्याच्या आधी, नोव्हेंबर २०१० मध्ये, काही नॅनो पेटल्यावर टाटा मोटर्सनं एक्झॉस्टला आणि वायरिंगला जादा संरक्षण फुकट बसवून दिलं, पण त्याला रिकॉल म्हणायला नकार दिला. एप्रिल २०१४ मध्ये मारुतीनं पेट्रोल-डिझेल भरायच्या नळीसाठी १ लाख ३ हजार ३११ गाड्या बोलावल्या. डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन समूहानं धुराच्या चाचणीतल्या लबाडीपायी सव्वातीन लाखांच्या आसपास डिझेल गाड्या बोलावल्या. चाकणच्या कारखान्यातून निघालेल्याही त्यात होत्या. २०२१ साली महिंद्रानं नाशिकच्या कारखान्यात भेसळीचं इंधन आल्याच्या संशयावरून सहाशेच्या आतल्या गाड्यांची इंजिनं बदलायचं ठरवलं. या खाजगी गाड्या. मालक ठाऊक, फोन नंबर ठाऊक, शोरूम जवळ.

२०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानं रिकॉलची सक्ती आली आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. नऊपेक्षा जास्त प्रवासी नेणाऱ्या गाड्यांसाठी वर्षाच्या विक्रीच्या तीन टक्के तक्रारी झाल्या की सक्ती. मात्र हे सगळं सात वर्षांच्या आतल्या गाडीला.

आमचा प्रश्न इथंच आहे. मोठी शाळा नवी बस घेते, काही वर्षांनी विकते. ती आळंदीच्या किंवा खेडच्या बाजूला दुसऱ्या मालकाकडे जाते, तिथून तिसऱ्याकडे. कंपनीचं पत्र मात्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर पडून राहतं. शिवाय तक्रार मोजायची तर ती आधी नोंदवली पाहिजे. आमच्याकडे येणारा ड्रायव्हर तक्रार नोंदवत नाही, तो पाइप बदलून घेतो आणि साडेसहाच्या फेरीला पळतो. मी बसवलेला एकही पाइप त्या तीन टक्क्यांत मोजला गेलेला नाही.

जानेवारी २०२२ च्या अधिसूचनेनं शाळेच्या नव्या बसमध्ये आगीची सूचना देणारी आणि आग रोखणारी यंत्रणा आणली. चांगलंच आहे. पण ती आग लागल्यावर कामाला येते. रिकॉल आग लागायचं कारणच काढून टाकतो, आणि जुन्या बसला दोन्हीपैकी एकही मिळत नाही.

उपाय मला आरटीओच्या दारातच दिसतो. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं. मालक कितीही बदलले तरी ते चुकत नाही. म्हणजे रिकॉलचा नियम जिथं संपतो, त्याच्या पुढच्याच वर्षापासून गाडी दरसाल सरकारी माणसासमोर उभी राहते. तिथं आम्ही चॅसीवर कागद ठेवून पेन्सिल घासतो आणि नंबराचा ठसा देतो. तो नंबर कंपनीच्या रिकॉलच्या यादीशी ताडून बघावा, काम बाकी असेल तर ते होईपर्यंत पासिंग थांबवावं, आणि शाळेच्या बसला सात वर्षांची अट काढून टाकावी. गॅरेजवाल्यानं कळवलेली खोटही तक्रार म्हणून मोजावी. तो क्लॅम्प कुठं घासतो हे वस्तादांना कंपनीच्या आधी कळलं होतं, पण त्यांच्याकडून ते लिहून घेणारं कुणी नव्हतं.