गाविलगडच्या वेढ्यांतील बंदुका

चिखलदऱ्यालगतचा गाविलगड इ. स. १८०३ च्या डिसेंबर महिन्याच्या १५ व्या तारखेस इंग्रजांनीं घेतला. या पराभवाचें कारण म्हणून भोसल्यांच्या शिबंदीचीं हत्यारें जुनाट होतीं, असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. हें मत पुराव्याच्या कसोटीस उतरत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

जनरल वेल्स्ली यानें गव्हर्नर जनरलास पाठविलेल्या खलित्यांत किल्लेदार बेनीसिंह याच्या कवाइती पायदळाचा उल्लेख आहे. २९ नोव्हेंबरच्या अडगांवच्या लढाईंतून निसटून हें पायदळ गडावर आलें होतें, व त्याच्यापाशीं कंपनीच्याच नव्या बंदुका आणि संगिनी होत्या. जेता आपल्या शत्रूचें बळ फुगवून सांगतो, हें खरें. परंतु आपल्याच सरकारच्या बंदुका शत्रूच्या हातीं गेल्याची कबुली कोणी भूषण म्हणून देत नाहीं. म्हणून हा उल्लेख आम्ही विश्वसनीय मानतों.

मग अशी बंदूक हातीं असून गड कां पडला? ही चकमकीची बंदूक. नळीचा व्यास सुमारें पाऊण इंच व आंतून गुळगुळीत. गोळी नळीहून किंचित् लहान असल्यामुळें ती सुटतांना हेलकावे खाई, आणि शंभर वारांपलीकडे एकट्या माणसावर नेम धरणें व्यर्थ होई. कसलेला शिपाई मिनिटास दोन-तीन बार काढी. परंतु गार बोथटली किंवा रंजक दमट झाली कीं बार फुकट जाई. सारांश, रांगेनें एकदम झाडली तरच ती कामाची.

उलट, कर्नल स्टीव्हन्सन यानें सुमारें तीस मैल डोंगरांतून वाट पाडून मोठ्या तोफा उत्तरेस लबाडा गांवाकडे चढविल्या. तोफांनीं बाहेरचा तट दूरवरून फोडला. तेथवर बंदुकीचा मारा पोंचण्यासारखा नव्हता. खिंडारांतून शत्रु आंत शिरल्यावर शिबंदी दरवाजांपाशीं कोंडली गेली. रांग धरण्यास जागा उरली नाहीं. इतक्यांत ९४ व्या पलटणीचा कॅप्टन कॅम्बेल आंतल्या तटास शिड्या लावून चढला व त्यानें दरवाजा उघडला. बेनीसिंह गडावरच पडला. अवघ्या दोन दिवसांनीं, १७ डिसेंबरला, देवगांवचा तह झाला.

तात्पर्य, गड गेला तो बंदुकीच्या हीनतेनें नव्हे. तोफांस तोफांनीं उत्तर न मिळाल्यानें व आंतला तट एका जागीं उघडा राहिल्यानें गेला.

संग्राहकांस एक सूचना. वऱ्हाडांत जुनी इंग्रजी बंदूक दिसली कीं ती ‘गाविलगडची’ म्हणून दाखविली जाते. अशा वेळीं चापाची पत्री अवश्य पाहावी. कंपनीचा हृदयाकृति शिक्का तीवर असल्यास तो दावा विचारांत घेतां येईल. सिंहाची मुद्रा मात्र सुमारें १८०८ पासूनची असल्यामुळें ती बंदूक या वेढ्यांतील असणें शक्य नाहीं. शिक्का जुना असला तरी तेवढ्यानें स्थळ सिद्ध होत नाहीं. त्यास घराण्याच्या कागदाची जोड हवी. हत्यार व कागद एकत्र जपले, तरच दोहोंची साक्ष ग्राह्य ठरेल.