‘मे हॅव टू बी’ : कदाचित करावे लागेल!

इंग्रजीत ‘मे’ हे साहाय्यक क्रियापद शक्यता दर्शविते. ‘हॅव टू’ हा प्रयोग एखादी गोष्ट करणे भाग आहे, असे सांगतो. या दोन्ही छटा एकाच वाक्यात आणावयाच्या असतील आणि ती क्रिया कोण करणार याला महत्त्व नसेल, तर ‘मे हॅव टू बी’ ही कर्मणी रचना योजतात. मराठीत हाच आशय आपण ‘कदाचित करावे लागेल’ अशा शब्दांत व्यक्त करतो.

रचना : कर्म + मे + हॅव टू + बी + क्रियापदाचे तिसरे रूप

१) द मीटिंग मे हॅव टू बी पोस्टपोन्ड. – बैठक कदाचित पुढे ढकलावी लागेल.
२) द रोड मे हॅव टू बी क्लोज्ड. – रस्ता बंद करावा लागण्याची शक्यता आहे.

‘मे’नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते. त्यामुळे आरंभीचा शब्द एकवचनी असला तरी ‘हॅव’चे ‘हॅज’ होत नाही. तसेच प्रमाण इंग्रजीत ‘मे’ला जोडून ‘मस्ट’ येत नाही; म्हणूनच येथे ‘हॅव टू’ची योजना करावी लागते.

‘बी’ का विसरू नये?

‘रुग्णावर कदाचित शस्त्रक्रिया करावी लागेल’ या मराठी वाक्यात डॉक्टरांचा उल्लेख नसला तरी अर्थ बिघडत नाही. इंग्रजीत मात्र ‘द पेशंट मे हॅव टू ऑपरेट’ असे म्हटल्यास रुग्णालाच शस्त्रक्रिया करावी लागेल, असा विपरीत अर्थ होतो! योग्य वाक्य असे : ‘द पेशंट मे हॅव टू बी ऑपरेटेड ऑन.’ अखेरचे ‘ऑन’ही आवश्यक आहे.

‘टू’ गाळल्यास काळ बदलतो

‘द मीटिंग मे हॅव बीन पोस्टपोन्ड’ याचा अर्थ ‘बैठक पुढे ढकलली गेली असावी’ असा होतो. ‘मे हॅव टू बी’मध्ये निर्णय व्हावयाचा आहे, ‘मे हॅव बीन’मध्ये तो कदाचित होऊन गेला आहे. कार्यालयीन पत्रात हा फरक न कळल्यास माणूस बैठकीला मुकू शकतो.

नकारार्थी वाक्ये

‘द बँडेज मे नॉट हॅव टू बी रिमूव्ह्ड’ म्हणजे पट्टी कदाचित काढावी लागणार नाही. ‘द बँडेज मस्ट नॉट बी रिमूव्ह्ड’ म्हणजे पट्टी काढता कामा नये. पहिल्या वाक्यात गरज नसण्याची शक्यता आहे, दुसऱ्यात स्पष्ट मनाई आहे. औषधोपचाराच्या सूचना वाचताना ही दोन वाक्ये एकच समजणे धोक्याचे ठरेल.

शक्यतेची तीव्रता

‘विल हॅव टू बी’ म्हणजे करावेच लागेल. ‘मे हॅव टू बी’ म्हणजे कदाचित करावे लागेल. ‘माइट हॅव टू बी’मध्ये ही शक्यता बहुधा आणखी थोडी दुबळी असते.

स्वाध्याय : ‘हा अर्ज कदाचित पुन्हा भरावा लागेल’ हे वाक्य इंग्रजीत करून पाहा.
उत्तर : धिस फॉर्म मे हॅव टू बी फिल्ड इन अगेन.