देशमुखी गेली, आडनाव राहिलं

महाडहून रायगडाकडे जाताना नाते लागतं. आमचं गाव. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १८९६ साली इथे जन्मले, हे आम्हाला शाळेपासून पाठ. पण ‘देशमुख’ हा मुळात हुद्दा आहे, याचा विचार मी पहिल्यांदा केला तो एका ओपन सोर्स प्रकल्पाच्या परवानग्यांची यादी तपासताना.

देशमुख म्हणजे परगण्याचा वतनदार. वसुलीवर देखरेख ठेवायची, त्याबद्दल जमिनी आणि हक्क खायचे. पुढे मुलगा, मग नातू. इंग्रजांनी मामलेदार आणि पगारी कारकून नेमल्यावर देशमुख-देशपांड्यांना काम उरलं नाही. हक्क उरले. १८६०च्या दशकात सरकारने तोड काढली : चाकरी माफ, उत्पन्नातला काही हिस्सा सरकारला द्या, वतन तुमचंच. ते गेलं १९५०च्या परगणा व कुलकर्णी वतन निर्मूलन कायद्याने. जमीन सरकारजमा झाली, आणि ठरलेली रक्कम भरणाऱ्या वतनदाराला साधा खातेदार म्हणून परत मिळाली. काम संपल्यावर हक्क संपायला पिढ्या गेल्या.

आमच्याकडेही असंच चालतं. मेंटेनर नोकरी बदलतो, त्याला मुलं होतात, तो कंटाळतो. कोड बदलायची परवानगी तशीच राहते. वतनदार निदान घरी बसून खात होता. इथे पडून असलेली किल्ली तिसऱ्याच्याच हाती लागू शकते. २०१८ साली ‘इव्हेंट-स्ट्रीम’च्या मूळ लेखकाला त्यात रस उरला नव्हता; मदतीला आलेल्या अनोळखी माणसाला त्याने ते सोपवलं, आणि त्या माणसाने बिटकॉइन चोरणारा कोड आत घातला. तरी अपाची फाउंडेशन म्हणतं, कमावलेली पत कालबाह्य होत नाही. मला दोन्ही पटतं, हीच अडचण.

आमच्या यादीत नऊ नावं होती, काम करणारे तिघे. उरलेल्यांपैकी एकाने माझी पहिली दुरुस्ती तीनदा परत पाठवून मला शिकवलं होतं. त्यांना पत्र लिहायला मला दोन दिवस लागले : नाव यादीत राहील, किल्ली काढतोय, परत यावंसं वाटलं तर एक ओळ लिहा, त्याच दिवशी देऊ.

चार तासांत उत्तर आलं. ती केव्हाच काढली असेल, असं त्यांना वाटत होतं.