प्रथिनांचे गुणांक आणि अंड्याचा मानदंड

खाद्यपदार्थाचे पोषणमूल्य एका अंकात सांगण्याच्या प्रयत्नांचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट वारंवार विसरली गेल्याचे दिसते. असा अंक हा पदार्थाचा अंगभूत गुण नसून, तो पदार्थ आणि निवडलेला मानदंड यांच्यातील नात्याचे माप होय. प्रथिनांच्या गुणांकाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे.

१९०९ साली जर्मनीत कार्ल टोमास यांनी स्वतःवरच प्रयोग करून, अन्नातून शोषल्या गेलेल्या नत्रापैकी शरीरात टिकणाऱ्या भागाला ‘जैवमूल्य’ ही संज्ञा दिली. अमेरिकेत एच. एच. मिचेल यांनी १९२४ साली उंदरांवरील प्रयोगांद्वारे ही पद्धत अधिक काटेकोर केली. परंतु असे प्रयोग वेळखाऊ असत. म्हणून १९४६ साली ब्लॉक व मिचेल यांनी सोपा मार्ग सुचविला. पदार्थातील प्रत्येक आवश्यक अमिनो आम्लाची अंड्याच्या प्रथिनाशी तुलना करावयाची, आणि ज्याची उणीव सर्वांत मोठी त्याचीच टक्केवारी पदार्थाचा गुणांक मानावयाची.

मानदंड अंड्याचा ठरताच तृणधान्ये खालच्या पायरीवर गेली. एक ग्रॅम प्रथिनामागे गव्हात सुमारे २७ मिलिग्रॅम लायसीन असते, तर अंड्यात सुमारे ७०. सबब गव्हाचा गुणांक ४० च्या आतबाहेर येतो. परंतु अंड्याचे प्रथिन मनुष्याच्या गरजेहून अधिक समृद्ध आहे. १९७३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने लायसीनचे प्रमाण ५५ धरले, तेव्हा गव्हाचा गुणांक ५० च्या जवळ आला. २००७ साली प्रौढांसाठी ४५ धरले, तेव्हा तो ६० झाला. गहू मात्र तोच राहिला.

शिवाय गुणांक एकेका पदार्थाचा असतो; माणूस जेवतो ते वरणभात किंवा भाकरी-आमटी. धान्यातील लायसीनची उणीव डाळ भरून काढते, आणि डाळीतील मिथायोनीनची उणीव धान्य.

या मर्यादांकडे दुर्लक्ष झाल्याचे परिणाम पुस्तकी नव्हते. १९६० नंतरच्या दशकात ‘प्रथिनांची तूट’ हेच कुपोषणाचे मुख्य कारण मानले गेले. १९६८ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या अहवालाने प्रथिनसंकटाचा इशारा दिला. या मताला आव्हान देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे प्रमुख होते. भारतीय आहारपाहण्यांच्या आकड्यांवरून १९७० च्या सुमारास त्यांनी दाखविले, की प्रथिने अपुरी पडणाऱ्यांपैकी बहुतेकांना मुळात अन्नच अपुरे होते. ऊर्जा कमी पडली की शरीर प्रथिनाचाही इंधन म्हणून उपयोग करते. म्हणजे उणीव भाकरीच्या प्रतीत नसून तिच्या संख्येत होती.

पुढे १९९१ साली गुणांकात पचनीयतेचा विचार आला, आणि २०१३ साली प्रत्येक अमिनो आम्लाची पचनीयता स्वतंत्रपणे मोजण्याची शिफारस झाली. माप अधिक सूक्ष्म झाले. तथापि मानदंड कोणाच्या गरजेवरून ठरविला आणि ताटात अन्न किती होते, हे दोन प्रश्न कोणताही गुणांक वाचताना प्रथम विचारले पाहिजेत.