लायरबर्डचा मुलूख

१९२० साली मेलबर्नमध्ये ‘द लँड ऑफ द लायर बर्ड’ नावाचा एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचा कुणी एक लेखक नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात दक्षिण गिप्सलँड म्हणून जो भाग आहे, तिथे जंगल तोडून ज्यांनी पहिली शेते काढली, त्या शेतकऱ्यांनी म्हातारपणी एकत्र येऊन मंडळ स्थापले आणि आपापल्या आठवणी लिहून हा ग्रंथ सिद्ध केला. मेलबर्नला नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने त्याच्या १९६६ च्या पुनर्मुद्रणाची प्रत मला धाडली. एम. ए. ला असताना वसाहतींच्या इतिहासाची जी पुस्तके आम्ही वाचली, त्यांत गव्हर्नर होते, कायदे होते, लोकरीच्या निर्यातीचे आकडे होते. ओल्या लाकडाच्या रानाला आग कशी लावावी, हे मात्र कुणी सांगितले नव्हते. ते या ग्रंथात आहे.

मेलबर्नच्या आग्नेयेला, समुद्र आणि स्ट्रझेलेकी डोंगर यांच्या अंगाने हा मुलूख पसरला आहे. डोंगराला नाव दिले गेले ते पॉल स्ट्रझेलेकी या पोलिश प्रवाशाचे. १८४० साली तो या रानात शिरला आणि अडकला. घोडे मागे सोडून द्यावे लागले, शिधा संपला. त्याच्या तुकडीतला चार्ली टारा हा आदिवासी वाटाड्या झाडांवरची कोआला अस्वले धरून आणी, त्यावर मंडळी जगली आणि कशीबशी वेस्टर्न पोर्टच्या किनाऱ्याला लागली. पुढची तीसेक वर्षे या रानाच्या वाटेला सहसा कुणी गेले नाही. पूर्वेकडच्या मोकळ्या मैदानांवर मेंढ्या-गुरांचे मोठमोठे मळे उभे राहिले, हे रान तसेच राहिले.

रान होते तरी कसे? आपल्याकडे सामाजिक वनीकरणात सडकेच्या कडेला निलगिरी लावली आहे, तिचाच एक थोरला भाऊबंद म्हणजे ‘माउंटन ॲश’. फुले येणाऱ्या वृक्षांत जगातला सर्वांत उंच. १८८० च्या दशकात याच भागात थॉर्पडेल येथे पाडलेले एक झाड सर्व्हेयरने साखळीने मोजले, ते ३७५ फूट भरले. विजापूरचा गोलघुमट ज्यांनी पाहिला आहे त्यांनी त्याच्यावर जवळजवळ तेवढाच दुसरा घुमट मनाने ठेवून पाहावा. या वृक्षांच्या पायथ्याशी हेझल, मस्क, ब्लॅकवूड आणि वृक्षासारखे वाढणारे नेचे यांचा झाडोरा इतका दाट, की दुपारीही ऊन जमिनीला लागत नसे. त्या झाडोऱ्यात लायरबर्ड राही. वीणेसारख्या वाद्याच्या आकाराचे शेपूट असलेला हा पक्षी भोवतालच्या सगळ्या पाखरांची नक्कल करतो. कुऱ्हाडीचा आणि करवतीचा आवाजही तो उचलतो, असे सांगतात.

माणसे आली ती १८६९ च्या जमीन कायद्यानंतर, मुख्यतः १८७० च्या दशकात. कायदा असा होता की कुणीही ३२० एकरांपर्यंत जमीन निवडावी, म्हणून या लोकांना ‘सिलेक्टर’ म्हणत. दर एकरी वर्षाला दोन शिलिंग भरायचे. तीन वर्षांत तिथे राहून दाखवायचे, कुंपण घालायचे, दहावा हिस्सा लागवडीखाली आणायचा. हे झाले की उरलेले चौदा शिलिंग एकदम भरावेत किंवा आणखी सात वर्षे दोन-दोन शिलिंग देत राहावे. एकूण एक पौंडाला एक एकर. कागदावर सौदा स्वस्त वाटतो. पण मेलबर्नच्या कचेरीत अर्ज करणाऱ्याला ती जमीन पाहायला मिळेच असे नाही, कारण झाडांमुळे ती दिसतच नसे! टेकडी किती उभी आहे, ओढा कुठून वाहतो, हे झाडोरा तोडल्यावर कळायचे.

तोडण्याची रीत या शेतकऱ्यांनी बारकाईने लिहून ठेवली आहे. टी. जे. कव्हरडेल नावाच्या गृहस्थांची यावरची प्रकरणे ज्याने स्वतः हात सोलून घेतले आहेत त्याच्याच लेखणीतून उतरावीत अशी आहेत. तिकडचा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा. तेव्हापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कोयत्या-कुऱ्हाडीने झाडोरा आडवा करीत जायचे. मधल्या आकाराची झाडे एकेक पाडत बसले तर जन्म पुरला नसता. म्हणून उतारावरच्या झाडांना खालपासून वरपर्यंत नुसती अर्धवट खाच पाडून ठेवायची. मग अगदी वरचे एखादे दांडगे झाड नेम धरून पाडायचे. ते खालच्यावर, खालचे त्याच्याही खालच्यावर, अशी सगळी टेकडी एका दमात कडाडत खाली येई. नेम चुकला किंवा मध्येच वारा फिरला, तर खाली असलेल्या माणसाची खैर नसे. महावृक्षांचा बुंधा तळाशी फार फुगलेला, म्हणून बुंध्यात खाच पाडून तीत फळी खोचायची आणि जमिनीपासून दहा-पंधरा फुटांवर त्या फळीवर उभे राहून घाव घालायचे. तेही जमले नाही, तर सालीचा पट्टा काढून झाड उभ्याउभ्याच मरू द्यायचे.

मग वाट पाहणे. तोडलेले रान फेब्रुवारीपर्यंत वाळायचे. उत्तरेचा तापलेला वारा सुटला की एखादा दिवस धरून आग द्यायची. वर्षाचे भवितव्य त्या एका दुपारवर ठरे. आग चांगली लागली, तर टेकडी राखेने पांढरी होई आणि त्या राखेत हाताने गवताचे बी फेकले की पहिल्या पावसात हिरवे रान उठे. पाऊस आधीच आला आणि आग अर्धवट विझली, तर काळे ओंडके आणि ओली फांदाटी एकमेकांत गुंतून राहत. ते वेचून, रचून पुन्हा जाळण्यात सिलेक्टरची दोन वर्षे जात, आणि सरकारचे दोन शिलिंग थांबत नसत.

खानापूर, जोयडा, कारवारकडच्या वाचकांना इथे ‘कुमरी’ आठवल्याशिवाय राहणार नाही. रान तोडायचे, उन्हाळ्यात जाळायचे, राखेत नाचणी फेकायची, दोन वर्षांनी जागा सोडून पुढे जायचे. आपल्याकडे १८६० च्या सुमारास इंग्रज सरकारने जंगलाची नासाडी होते म्हणून कुमरीवर बंदी आणि निर्बंध आणले. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याच राणीच्या राज्यात दुसऱ्या टोकाला, रान जाळून दाखवले नाही तर जमीन काढून घेऊ, अशी अट सरकार घालत होते. इथल्या कुणब्याची कुमरी दोन पावसाळ्यांनी पुन्हा रानाच्या स्वाधीन होई, तिथले रान कायमचे गेले. गुन्हेगार मात्र कुणबी ठरला. दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवून कुणीतरी नीट अभ्यास करावा असा हा विषय आहे.

जंगल गेले आणि चिखल आला. हिवाळ्यात घोडे पोटापर्यंत रुतत. ओंडके आडवे टाकून रस्ते केले, तेही बुडत. घरे त्याच झाडाच्या उभ्या चिरलेल्या फळ्यांची. पहिली काही वर्षे विकायला असे ते फक्त लोणी. ते घरी घुसळून, पिंपात भरून, घोड्याच्या पाठीवर लादून रेल्वे-स्टेशनापर्यंत न्यायचे. १८९१ साली रेल्वे कोरुंबुऱ्यापर्यंत आली, तेव्हा कुठे या मुलखाला बाजार मिळाला. मग लोणी-कारखाने निघाले, शीतगृह असलेल्या बोटींतून गिप्सलँडचे लोणी लंडनला जाऊ लागले. कोळशाच्या खाणीही निघाल्या, पण तो वेगळा विषय आहे.

दूध काढणे, घुसळणे, लोणी धुऊन मीठ लावणे हे काम बव्हंशी बायकांचे. शेजारीण म्हणजे दोन डोंगर पलीकडची. बाळंतपणाला डॉक्टर पोचेलच याचा भरवसा नाही. पण ग्रंथातली बहुतेक निवेदने पुरुषांची आहेत, आणि कुऱ्हाडीवर जेवढी पाने खर्च झाली आहेत तेवढी रवीवर झालेली नाहीत. आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी जुन्या मंडळींच्या आठवणी मागवल्या, तेव्हा हाच अनुभव आला. कोनशिला कुणाच्या हस्ते बसली आणि प्रमुख पाहुणे काय बोलले, हे सगळ्यांनी लिहिले. पाया खणला तेव्हा डोक्यावर पाट्या कुणी वाहिल्या, हे एकानेही लिहिले नाही. मग मी स्वतः दोन म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन विचारून घेतले. त्यांतल्या एकीने तर मराठीत सुरुवात करून, ऐन रंगात आल्यावर कानडीत गोष्ट पुरी केली. ती तशीच छापली.

आगीने दिलेली जमीन आगीनेच मागून घेतली. १ फेब्रुवारी १८९८ चा मंगळवार तिकडे ‘रेड ट्यूसडे’ म्हणून ओळखला जातो. सालीचा पट्टा काढून उभी वाळवलेली हजारो झाडे आणि कुजत पडलेले ओंडके म्हणजे रचून ठेवलेले सरणच होते. १२ माणसे गेली, सुमारे २ हजार इमारती भस्मसात झाल्या. जॉन लाँगस्टाफ या चित्रकाराने त्याच महिन्यातल्या एका रात्रीचे भले मोठे चित्र काढले. आगीच्या उजेडात सामानसुमान आणि पोरेबाळे घेऊन निघालेली माणसे त्यात आहेत. व्हिक्टोरियाच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात ते चित्र आहे.

आता या इतिहासातल्या एका रिकाम्या जागेविषयी लिहिले पाहिजे. सिलेक्टरांच्या आठवणींत रान निर्मनुष्य आहे. ते आले तेव्हा त्यांना तसे दिसलेही असेल. पण गिप्सलँड ही गुनाईकुर्नाई लोकांची भूमी, पश्चिमेकडे बुनुराँग लोकांची. १८४० नंतर मैदानांवर मेंढपाळ आले, तेव्हा त्यांची अवस्था काय झाली याची साक्ष वॉरिगल क्रीक देते. १८४३ साली एका गोऱ्याच्या खुनाचा सूड म्हणून तिथे गुनाईकुर्नाईंची सामूहिक कत्तल झाली. मृतांचा अंदाज साठपासून दीडशेपर्यंत केला जातो. सूड घेणाऱ्यांचा म्होरक्या म्हणून अँगस मॅकमिलन याचे नाव घेतले जाते. हा स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा. त्याच्याच मुलखात जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळांना घराबाहेर काढले होते! उरलेल्यांना १८६० च्या दशकात मिशनच्या वस्त्यांवर नेऊन ठेवले. रान मोकळे दिसले ते त्यानंतर.

१९२० च्या दशकात मॅकमिलनच्या मार्गावर गावोगाव दगडी स्मारकस्तंभ उभारले गेले. पुढे संसदेच्या मतदारसंघालाही त्याचे नाव मिळाले. ते २०१८ मध्ये बदलून मोनॅश केले. त्याआधी, २२ ऑक्टोबर २०१० रोजी, फेडरल कोर्टाने गिप्सलँडच्या सरकारी जमिनींवर गुनाईकुर्नाईंचा मूळ हक्क मान्य केला होता. वाट दाखवणाऱ्या चार्ली टाराचे नाव मात्र एका दरीला आधीच मिळाले होते. १९०३ साली स्थानिक शायर कौन्सिलाने, म्हणजे आपल्या तालुका बोर्डासारख्या संस्थेने, सरकारला विनंती केली की नेच्यांनी भरलेला रानाचा एक तुकडा तरी राखा. १९०४ मध्ये बुल्गा पार्क राखीव झाला, १९०९ मध्ये टारा व्हॅली. १९८६ साली दोन्ही मिळून राष्ट्रीय उद्यान झाले. आधीच्या पिढीने प्राणपणाने जाळले, आणि तिच्या डोळ्यांदेखत तिच्यातल्याच काहींनी उरले ते वाचवायला अर्ज केला. मला या माणसांविषयी सर्वांत जास्त आपुलकी वाटते ती इथे.

पूर्वेकडच्या उभ्या टेकड्यांवर तर सगळे कष्ट वाया गेले. पावसाने जमीन घसरली, ससे आणि तण माजले, शेतकरी घरे टाकून निघून गेले. त्या भागाला ‘हार्टब्रेक हिल्स’ असे नाव पडले. सरकारने आणि कागद-कंपनीने तिथल्या जमिनी घेऊन पुन्हा झाडे लावली.

इतिहास जपण्याचे काम तिकडे आणि इकडे जवळजवळ एकाच वेळी सुरू झाले, हेही नोंदवण्यासारखे आहे. व्हिक्टोरियाची हिस्टॉरिकल सोसायटी १९०९ ची, आपले पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चे. राजवाडे गावोगाव पायपीट करून रुमालांत बांधलेली दप्तरे मिळवत होते. गिप्सलँडमध्ये दप्तरे नव्हती. होती ती जिवंत माणसे, आणि तीही थोडीच. म्हणून त्यांनी माणसांनाच लिहायला बसवले. पुढे १९७४ साली कोरुंबुऱ्यात जुन्या खाणीच्या जागेवर ‘कोल क्रीक’ हे ऐतिहासिक उद्यान उघडले, आणि त्या भागातल्या जुन्या इमारती उचलून तिथे आणून मांडल्या. ग्रंथाचे १९६६ चे पुनर्मुद्रण काढणारी कोरुंबुरा शायर १९९४ च्या पुनर्रचनेत विलीन झाली.

त्या रानाचा एक मूळ रहिवासी मात्र अजून कोरुंबुऱ्याच्या आसपासच आहे. गिप्सलँडचा प्रचंड गांडूळ, सरासरी मीटरभर लांबीचा. १८७८ साली प्राध्यापक मॅकॉय यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. वरचे जंगल गेले, गवत आले, गाई आल्या, तरी बास नदीच्या खोऱ्यातल्या ओलसर उतारांवर तो खालच्या खाली राहिला. कुरणातून माणूस चालत गेला की पावलांच्या धक्क्याने तो आपल्या ओल्या बिळात मागे सरकतो, आणि पाणी मोरीतून जाताना होतो तसा गुळगुळ आवाज जमिनीखालून येतो.