वेगाची किंमत: पवनीच्या मागापासून लॅपटॉपच्या प्रोसेसरपर्यंत

एम.ए.ला प्रवेश घेणाऱ्या मित्रांकडून दर वर्षी एक प्रश्न हमखास येतो. दोन लॅपटॉप, बाकी सारे सारखे; एकाचा प्रोसेसर अधिक वेगवान आणि किंमत, समजा, पंधरा हजारांनी अधिक. घ्यावा का? शिष्यवृत्तीवर वर्ष काढणाऱ्यासाठी पंधरा हजार म्हणजे काही महिन्यांची खानावळ. प्रश्न नवा वाटतो, परंतु आपल्या भंडारा जिल्ह्यातील विणकरांपुढे तो शंभर वर्षांपूर्वीच उभा होता. हा धागा त्याविषयी.

१७३३ साली इंग्लंडमध्ये जॉन के याने दोरीच्या झटक्याने धावणाऱ्या धोट्याचे पेटंट घेतले. रुंद कापडाला पूर्वी दोन माणसे लागत, ते काम आता एकटा विणकर करू लागला. पण कापड झपाट्याने विणले जाऊ लागताच सूत अपुरे पडले. हारग्रीव्हजची सूतकताईची जेनी आली ती १७६० च्या दशकात. म्हणजे जवळपास तीस वर्षे वेगवान माग सुताची वाट पाहत होता!

विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातील प्रांतिक सरकारांनी याच धोट्याचा हिरिरीने प्रचार केला. येथे गिरणीचे सूत मिळत होते, त्यामुळे ती अडचण नव्हती. तरीही अनेक विणकरांनी हातातला धोटा सोडला नाही. वसाहतकालीन अधिकाऱ्यांना यात परंपराप्रियता दिसे. मला त्यात हिशेब दिसतो.

पवनी, मोहाडी, आंधळगाव ही आपल्याकडील विणकरांची गावे. काठापदराच्या वस्त्रांसाठी हा सारा भंडारा-नागपूर पट्टा ओळखला जातो. साध्या एकरंगी कापडात एकच धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो, तेथे दोरीचा झटका खरोखर उपयोगी. काठाचा बाणा अंगाच्या बाण्याहून वेगळा असेल, तर मात्र दोन-तीन धोटे आळीपाळीने हातानेच फिरवावे लागतात. शिवाय ताणा लावणे, खळ देऊन पांजणी करणे, कांड्या भरणे ही घरातील इतर माणसांची, बहुतेक स्त्रियांची, कामे तितकाच वेळ घेत राहतात. धोट्याच्या वेगाचा त्यांच्याशी संबंधच नाही. साधे कापड विणणाऱ्याने नवा धोटा घेणे जितके शहाणपणाचे, तितकेच काठ विणणाऱ्याने तो न घेणे.

१९६७ मध्ये आयबीएमच्या जीन अ‍ॅमडाल यांनी अनेक प्रोसेसर जोडण्याच्या वादात याच जातीचा मुद्दा मांडला: कामाचा जो भाग वेगवान होत नाही, तोच एकूण लाभाची मर्यादा ठरवतो. आकडे घालून पाहा. तासाभराच्या कामात तुम्ही प्रोसेसरची वाट पाहता ती बारा मिनिटे. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घेतला तर वाचतात सहा मिनिटे. तीस टक्के वेगवान घेतला तर तीनहून कमी.

जास्त किंमत म्हणजे जास्त घडणावळ, असेही समजू नये. १९९१ मध्ये इंटेलने ४८६एसएक्स हा स्वस्त प्रोसेसर आणला. सुरुवातीच्या एसएक्समध्ये महाग ४८६डीएक्सचीच चिप होती. फक्त दशांश-गणिताचा विभाग बंद केलेला. तो विभाग हवा असेल तर ४८७एसएक्स विकत घ्यायचा. हा ‘जोड’ म्हणजे जवळजवळ अख्खा डीएक्स, जो बसवताच मूळ प्रोसेसर निष्क्रिय होई! पत्रे लिहिणाऱ्या कारकुनाला त्या विभागाची गरजच नव्हती. त्याच्यापुरता एसएक्स अगदी पुरेसा होता.

आता आपले काम पाहू. १९०८ च्या भंडारा गॅझेटियरची स्कॅन केलेली प्रत, सोबत ब्राउझरच्या वीस खिडक्या आणि देवनागरीत लिहिण्याची फाइल. येथे अडते ते बहुधा मेमरी आणि डिस्कपाशी. तेव्हा पंधरा हजारांपैकी काही आधी १६ जीबी रॅम आणि एसएसडीवर घालावेत. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम पक्की झाळलेली असते, नंतर वाढवता येत नाही; हे दुकानातच विचारून घ्यावे. आणि विदर्भातील मे महिना विसरू नये. पातळ यंत्रातील वेगवान प्रोसेसर तापला की स्वतःच वेग उतरवतो, मग पैसे ज्यासाठी मोजले तेच हाती राहत नाही.

विरुद्ध बाजूही आहे. लॅपटॉपचा प्रोसेसर पुढे बदलता येत नाही. हजारो पानांची ओसीआर रोज करायची असेल, किंवा नकाशे आणि व्हिडिओवर काम असेल, तर वरचा प्रोसेसर घ्यावा, आणि जरा जाड, चांगल्या पंख्याचे यंत्र निवडावे. अधूनमधून शंभर पानांची ओसीआर करायची असेल तर ती रात्री लावून झोपावे.

ठरत नसेल तर मित्राच्या किंवा विभागातील संगणकावर आपले नेहमीचे काम करत एक दुपार टास्क मॅनेजर उघडा ठेवा. यंत्र अडेल त्या क्षणी शंभराकडे कोणता आकडा गेला आहे ते पाहा: सीपीयू, मेमरी की डिस्क. मग दुकानात जा.